डोळे फुटायचे दिवस

ऑक्टोबर आला की मी एसटीत खिडकीजवळ बसत नाही.

नाशिक सोडून निफाडच्या वाटेला लागलं, की थोड्याच वेळात दोन्ही अंगांना द्राक्षबागा सुरू होतात. या दिवसांत त्या बोडक्या असतात. छाटणी झालेली, पानं गेलेली, तारांवर नुसत्या काड्या. ओळीओळीतून माणसं वाकून चाललेली असतात. एका हातात रंगीत औषधाचा डबा, दुसऱ्या हातात स्पंजाचा तुकडा. काडीवर जिथून नवा कोंब निघतो त्या गाठीला आमच्याकडे डोळा म्हणतात. त्या डोळ्याला हे औषध लावलं की बागेतले सगळे डोळे एकदम फुटतात. म्हणून छाटणीनंतर आठवडा उलटला, की आमच्या भागात माणूस माणसाला आधी विचारतो, "काय, फुटले का डोळे?" आणि समोरचा हसून म्हणतो, "फुटले की!"

लहानपणी या बोलण्यात मला काही वावगं वाटायचं नाही. आता वाटतं. खिडकीतून तो कडसर, ओल्या चुन्यासारखा वास आत आला की तळहातांना घाम फुटतो. वर्गात पन्नास पोरांना धाकात ठेवणारी मी बाई, ओढणीनं नाक झाकून, डोळे मिटून बसते, आणि शेजारची बाई विचारते, "ताई, गाडी लागते का?"

मी "हो" म्हणते. दुसरं काय सांगणार?

याच दिवसांत परीक्षा असतात. नाशिकच्या एका कॉलेजात मी इंग्रजी शिकवते. एम.ए.च्या मुलांना जुन्या इंग्रजी भयकादंबऱ्यांचा एक पेपर असतो, तो बरीच वर्षं माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ह्या लेखकांना सायन्सची एवढी भीती का वाटायची? सायन्सनं तर लोकांचं भलंच केलं ना?" मी तिला पुस्तकी उत्तर दिलं. यंत्रं आली, कारखाने आले, देवानं करायचं काम माणूस करू लागला, त्या धास्तीतून हे राक्षस जन्मले, वगैरे. तिनं ते वहीत उतरवून घेतलं. उत्तर बरोबर होतं. पण तास संपल्यावर खडूचे हात धुताना मला नळाखालच्या पाण्याकडे बघवेना.

हे घडलं त्या वर्षी मी स्वतः एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. पंचवटीत एका जिन्यावरच्या खोलीत आम्ही तिघी राहायचो. खाली भाजीबाजाराचा कलकलाट, पलीकडे देवळांच्या घंटा, आणि वर मी त्या काळोख्या कादंबऱ्या वाचत बसलेली. थंड देशातले किल्ले, भुयारं, आतून लावलेली दारं. भुतांचं मला फार काही वाटायचं नाही. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर आसरा आहेत, पाण्यात ओढून नेणाऱ्या, असं ऐकतच मी मोठी झाले होते. मला घाबरवायच्या त्या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी, ज्यांत भूत नसतं, शास्त्रज्ञ असतो. हुशार, एकटा, रात्रंदिवस एका खोलीत काहीतरी मिसळत, जोडत बसलेला. त्याच्या हातून काहीतरी घडतं, आणि जे घडलं ते बघवेना म्हणून तो पळून जातो.

आमचे सर म्हातारे होते, हळू बोलायचे. ते म्हणाले होते, "तुम्हाला त्या प्राण्याची भीती वाटली, तर गोष्ट तुम्ही निम्मीच वाचलीत. तो बनवणारा खोलीतून बाहेर कधी पडला, ते पान शोधा. चूक विज्ञानाची नसते, ती त्या पानावर होते."

मी त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. अभ्यासाची सुट्टी लागली तशी पुस्तकं पिशवीत भरली आणि निफाडजवळच्या आमच्या मळ्यात आले. घरी शांतता असते, अभ्यास होईल, म्हणून.

माझ्या वडिलांना आम्ही दादा म्हणतो. ते आधी शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचे आणि रसायनशास्त्राचे तास घ्यायचे. आजोबा गेल्यावर नोकरी सोडून बाग बघायला लागले. पण गावानं त्यांना 'मास्तर' म्हणायचं सोडलं नाही. विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीला लागून त्यांनी एक खोली बांधून घेतली होती. पत्र्याचं दार, बाहेरून कडी. आत लाकडी फळ्यांवर काचेची नळकांडी, तराजू, लेबलं लावलेल्या बाटल्या, आणि एक जाड वही. कोणत्या पाण्यात कोणतं औषध किती विरघळतं, कोणत्या ओळीला काय लावलं, किती दिवसांनी कोंब आला, सगळं त्यात. लहानपणी मी त्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून त्यांना बघायची. निळं पाणी एका थेंबात रंगहीन व्हायचं आणि दादा माझ्याकडे बघून भुवया उडवायचे. मला वाटायचं, जगात यांना न येणारी गोष्ट नाही.

त्या वर्षी त्यांनी बाजारातल्या औषधात स्वतःचं काहीतरी मिसळायचं ठरवलं होतं. डोळे आठ-दहा दिवस आधी फुटले पाहिजेत, आणि सगळे सारखे. "एकच ओळ करून बघतो," ते जेवताना आईला म्हणाले. "जमलं तर अख्ख्या तालुक्याला सांगेन. लपवून ठेवणारा मी नाही." आणि ते खरंच तसे होते. गावातल्या कुणाचीही माती, कुणाचंही पाणी ते फुकट तपासून द्यायचे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढचं वाचून कुणाला ते दुष्ट वाटतील. ते दुष्ट नव्हते. त्या कादंबऱ्यांतला शास्त्रज्ञही बहुधा दुष्ट नसतो, भीतीची गोष्ट हीच आहे.

काशिनाथ आणि त्याची बायको जनी सुरगाण्याकडच्या डोंगरातून दर वर्षी छाटणीला यायचे. भात कापायच्या आधीचे काही आठवडे बागेत, मग परत पाड्यावर, मग काढणीला पुन्हा. बागेच्या टोकाला झोपडी करून राहायचे. काशिनाथ उंच, हडकुळा, कमी बोलायचा. बोललाच तर स्वतःशी हसल्यासारखा. कोणती काडी ठेवायची, कोणती घालवायची, हे त्याला दादांपेक्षा जास्त कळायचं, असं दादाच सांगायचे. त्याचा हात हलका होता. म्हणून त्या ओळीसाठी दादांनी त्यालाच बोलावलं.

सकाळचे अकरा वाजले असतील. मी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत वाचत बसले होते. तिथून विहीर आणि ती खोली सरळ दिसते. दादा आणि काशिनाथ आत गेलेले मी पाहिले. दादांच्या हातात मोजपात्र, काशिनाथच्या हातात ढवळायची काठी. हातमोज्यांचा एकच जोड होता, तो दादांनी काशिनाथला दिला. डोळ्यांवर लावायचा चष्मा कुणाकडेच नव्हता. मी मान खाली घालून पुन्हा पुस्तकात शिरले.

आधी आवाज आला तो तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखा. मग माणसाचा. तो आवाज मला लिहिता येणार नाही.

मी उभी राहिले. दादा खोलीतून धावत बाहेर आले. बाहेर येऊन त्यांनी दार ओढलं आणि कडी लावली.

मी पुन्हा लिहिते, कारण कित्येक वर्षं मी हे वाक्य मनातल्या मनातही अर्ध्यावर सोडलं आहे. काशिनाथ आत होता, आणि दादांनी बाहेरून कडी लावली. मग दाराला पाठ लावून उभे राहिले. आतून पत्र्यावर थापा पडत होत्या. दादांचं तोंड माझ्या बाजूला होतं, आणि ते मला ओळखू आलं नाही. डोळे नाक कान तेच होते, पण आतला माणूस कुठेतरी निघून गेला होता.

दहा आकडे मोजावेत एवढाच वेळ गेला असेल. जनी तिसऱ्या ओळीत होती. हातातला डबा फेकून ती धावत आली, दादांना खांद्यानं ढकललं, कडी काढली आणि नवऱ्याला बाहेर ओढला. ती माझ्या खांद्याएवढी बाई. त्याला तिनं फरफटत हौदापाशी नेला आणि त्याचं डोकं पाण्यात घातलं. "पानी घाला! मास्तर, पानी घाला ना!"

तेव्हा दादा भानावर आले. बादली घेऊन पाणी ओतायला लागले. रसायन डोळ्यांत गेलं तर आधी पाणी, थांबायचं नाही, भरपूर पाणी. हे त्यांनीच शाळेतल्या शेकडो पोरांकडून पाठ करून घेतलं होतं. माझ्याकडूनसुद्धा.

आणि मी? मी गच्चीवर उभी होते. वाचलेलं पान हरवू नये म्हणून पुस्तकात बोट घालून. खाली उतरायला मला वेळ लागला. उतरले तेव्हा काशिनाथनं पाण्यातून चेहरा वर काढला होता. औषधात लाल रंग मिसळलेला असतो, कोणती काडी झाली ते कळावं म्हणून. तो रंग त्याच्या गालांवरून, मानेवरून ओघळत होता, पापण्या सुजून बंद झालेल्या, आणि तो हात पुढे करून काहीतरी धरायला बघत होता. हात माझ्या दिशेला आला. मी वळले आणि घरात पळाले.

दवाखान्यात नेलं ते दादांनीच, जीपमधून, जमेल तेवढ्या वेगानं. मी मागे जनीशेजारी बसले होते. ती त्याच्या डोक्याशी काहीतरी पुटपुटत होती, तिच्या बोलीत, मला न कळणारं. नाशिकला डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं, "काय उडालं?" दादांनी बाजारातल्या औषधाचं नाव सांगितलं. "कसं?" "पंपाची नळी सुटली." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "त्यात आणखी काही मिसळलं होतं का? नीट आठवून सांगा."

"नाही," दादा म्हणाले.

मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर घामाचा मोठा डाग होता. त्या डागाकडे बघत मी गप्प राहिले.

चार दिवसांनी काशिनाथला सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, उजव्याची आशा नाही. डाव्यावर पापुद्रा धरू नये म्हणून औषध चालू ठेवा, दोन आठवड्यांनी दाखवायला आणा. तोवर डोळे झाकलेले. जनी त्याला मळ्यातल्या झोपडीत घेऊन आली. दादा दिवसातून एकदा औषध, दूध, फळं पाठवायचे. स्वतः जायचे नाहीत. आई जायची. मी तर त्या बाजूला पाय टाकणंच सोडलं होतं.

भीती कशाची वाटत होती, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. झोपडी दोनशे पावलांवर होती. चेहऱ्याला पट्ट्या बांधलेला, डोळे नसलेला एक उंच माणूस दारात बसून असायचा, आवाज आला की मान वळवायचा. बागेतल्या बायका त्या ओळी टाळायच्या. शेजारच्या मळ्यातली एक म्हणाली, "त्याच्याकडं पाहू नका बाई, तोंड लय वंगाळ झालंय." जणू त्यानंच काही केलं होतं. आणि मी पुस्तकं उघडून वाचत होते, की कुरूप दिसतो त्याला जग आधी राक्षस म्हणतं आणि मग तो तसा वागेल याची वाट बघतं. ओळखीच्या वाक्याशी आल्यासारखी मान डोलवत होते. समासात टिपणं काढत होते.

एका दुपारी जनी विहिरीकडे गेली होती, आई देवळात. मी बांधावरून चालत पाठांतर करत होते आणि नकळत झोपडीच्या जवळ गेले. त्यानं मान वळवली.

"कोन? ताई का?"

मी श्वास धरून उभी राहिले.

"ताई, पानी दे ना जरा. घसा सुकला."

माठ त्याच्यापासून चार हातांवर होता. मी तांब्या भरला, हात लांब करून त्याच्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि मागे सरकले. तो दोन्ही हातांनी जमीन चाचपू लागला. हात तांब्याच्या डावीकडे गेला, मग उजवीकडे. "कुठं ठेवला, ताई?" मला नुसतं सांगायचं होतं, थोडा पुढं, थोडा डावीकडं. किंवा उचलून हातात द्यायचा होता. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. त्याच्या हाताचा धक्का लागून तांब्या लवंडला, आणि मी पळाले. पळताना मागून त्याचा आवाज आला. तो ओरडत नव्हता. म्हणत होता, "ऱ्हाऊ दे, ताई. ऱ्हाऊ दे."

दोन दिवसांनी ती दोघं पाड्यावर निघून गेली. आईनं त्यांना निफाडच्या स्टँडवर सोडलं. ती सांगत होती, काशिनाथला बघून गाडीतल्या एका बाईनं मुलाचं तोंड पदरात झाकलं. "त्याला दिसत नाही ते बरं," आई म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्यानं दचकली.

परीक्षा झाली. त्या पेपरात प्रश्न आला होता, की या कादंबऱ्यांत खरा राक्षस कोण, सविस्तर चर्चा करा. मी सहा पानं लिहिली. बनवणाऱ्याची जबाबदारी, समाजाची नजर, ज्याला बोलू दिलं जात नाही त्याचं दुःख. एकही ओळ खोडली नाही. त्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त गुण पडले. सरांनी पाठ थोपटली. आज मी पेपर तपासते तेव्हा अशी चोख उत्तरं आली की जरा थांबते. लिहिणारी पोर कुठल्या गच्चीवर उभी राहिलेली असेल, असं मनात येतं. मग गुण देते, कारण उत्तर बरोबरच असतं.

परीक्षा संपवून घरी आले तर दादांच्या त्या ओळीला पालवी आली होती. हो, त्यांचं औषध लागू पडलं होतं. जखमी होण्याआधी काशिनाथनं ढवळलेलं जे काही ड्रमात उरलं होतं, ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी गडी लावून गेला होता. कुणी सांगितलं, दादांनी की तो आपल्या मनानंच गेला, हे मी कधी विचारलं नाही. सगळ्या बागेत मागेपुढे फुटलेले तुरळक कोंब, आणि मधोमध ती एक ओळ हिरवीगार, डोळा अन् डोळा फुटलेला. मी अशी ओळ आधी पाहिली नव्हती. ती इतकी सुंदर दिसत होती की मी मान फिरवली.

शेजारचे भाऊसाहेब बांधावर उभे होते. "मास्तर, काय लावलंय हो हिला? आमच्या बागंत निम्मे डोळे अजून हालले नाय. सांगा की."

दादा त्या ओळीकडे पाठ करून उभे होते. "काही नाही," ते म्हणाले.

"आसं कसं काही नाय? तुम्ही तर कधी लपवीत नाय."

"ते माणसानं वापरायचं औषध नाही, भाऊसाहेब. विचारू नका."

भाऊसाहेब पुटपुटत गेले. दादा तिथंच खाली बसले. ते बारीक झाले होते, दाढी वाढली होती. मी त्यांच्याजवळ गेले. महिनाभर न उच्चारलेलं वाक्य त्या घटकेला बाहेर आलं. धीर आला म्हणून नाही; आणखी एक दिवस ते आत ठेवायची मला भीती वाटली म्हणून.

"दादा, तुम्ही कडी लावली होती."

त्यांनी वर पाहिलं नाही. म्हणाले, "तू कुठे होतीस?"

"गच्चीवर."

"सगळं पाहिलंस?"

"हो."

"मला वाटलं, फुटतंय. ड्रम फुटणार, सगळं पेटणार." ते हाताच्या बोटांकडे बघत होते. "मी ठरवून नाही गं लावली. हात आपोआप गेला. आत तो आहे हे मला माहीत होतं, आणि तरी हात गेला. मी एवढा घाबरट आहे हे मला माहीत नव्हतं."

"मीही खाली आले नाही, दादा."

मग आम्ही दोघं त्या हिरव्या ओळीच्या सावलीत बसून राहिलो. एकमेकांकडे न बघता. वडिलांची भीती बघणं फार वाईट. लहानपणी आपण अंधारात त्यांचाच हात धरलेला असतो.

दुसऱ्या दिवशी ते नाशिकला डॉक्टरांकडे गेले आणि काय काय मिसळलं होतं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. मी बरोबर होते. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?" दादांनी चिठ्ठी पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. "सांगितलं असतं तर फरक पडला असता का?" मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आता ते सांगता येणार नाही. तो दाखवायला का आला नाही? दोन आठवडे कधीच होऊन गेले. डावा डोळाही जाईल अशानं. आधी त्याला घेऊन या."

त्यांनी नव्या औषधाची चिठ्ठी लिहून दिली, ती घेऊन तसेच आम्ही निघालो. दिंडोरी, वणी, आणि पुढे घाट. डोंगरात भात कापून झालं होतं, उतारांवर नागलीची कणसं तांबूस दिसत होती. दादा गाडी हळू चालवत होते, इतकी हळू, की मला वाटलं त्यांना पोचायचंच नाही. पाड्याच्या अलीकडे रस्ता संपला. उतरून आम्ही चालत गेलो.

काशिनाथचं घर पहिलंच होतं. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, अंगणात भाताच्या पेंढ्या. त्याची पाच-सहा वर्षांची मुलगी तिथं खेळत होती. आई-बाप बागेत यायचे तेव्हा ती आजीजवळ पाड्यावरच राहायची, त्यामुळे आम्ही तिला कधी पाहिलं नव्हतं. तिनं आधी मला पाहिलं. मग जनी घरामागून पुढे आली आणि दादांना पाहून तिच्या तोंडून शब्द गेला, "मास्तर!"

त्या नावासरशी मुलगी किंचाळली. असं किंचाळणं मी तोवर एकदाच ऐकलं होतं. ती धडपडत उठली, पेंढ्यांमागे गेली आणि तिथून ओरडत राहिली, "आये, तो आला! तो आला!" शेजारच्या घरातली दोन पोरंही आत पळाली, आणि कुणीतरी दार लावून घेतलं.

दादा अंगणाच्या कडेला जागच्या जागी थांबले. पांढरा सदरा, हातात डॉक्टरांची चिठ्ठी. शाळेत पोरं ज्यांच्याभोवती गोळा व्हायची ते माझे वडील. या पाड्यावरच्या लेकरांना त्यांच्या नावानं भीती घातली जात होती. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला ते दिसलं, जे त्या मुलीला दिसत होतं.

काशिनाथ भिंतीला टेकून बसला होता. पट्ट्या निघाल्या होत्या. गालाची कातडी ओढल्यासारखी तकाकत होती, उजवा डोळा मिटून गेलेला, डावा लाल, पाणावलेला. मी नजर वळवली नाही. तेवढं मात्र मी त्या दिवशी केलं.

"काशिनाथ," दादा म्हणाले. "मी बाहेरून कडी लावली होती."

"माला माहीत आहा," तो शांतपणे म्हणाला. "कडी वाजली ना. आयकली मी."

"मी डॉक्टरलाही खोटं सांगितलं. आता खरं सांगून आलोय. तू चल माझ्याबरोबर. डावा डोळा वाचेल."

"तुमच्यासंगं?" जनी मध्ये आली. तिच्या हातात विळा होता, पेंढ्या बांधता बांधता तशीच उठून आलेली. "तुमच्या गाडीत त्याला परत बसवू मी? नाही. यासाठीच नेला नाही दवाखान्यात. तुमची नजर नको आमाला."

दादांनी मान खाली घातली. त्यांनी विनवणी केली नाही, हे मला आजही बरं वाटतं. ते एवढंच म्हणाले, "मी येत नाही. गाडी ही चालवील, माझी मुलगी. मी इथे थांबतो, तुम्ही परत येईपर्यंत. तुझ्या दारात."

जनी गोंधळली. मीही गोंधळले, मला घाटात गाडी चालवायची सवय नव्हती.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. डावा डोळा वाचला. उजवा गेला. काशिनाथ पुन्हा कधी कुणाच्या बागेत आला नाही. तो नागली आणि भात करतो, त्याच्या उपचाराचं सगळं दादांनी शेवटपर्यंत पाहिलं, आणि विहिरीजवळची ती खोली मोडून टाकली. वही त्यांनी जाळली नाही. शेवटच्या पानावर त्या दिवशी काय घडलं ते स्वतःच्या अक्षरात लिहिलं, कडीसकट. तांब्याचं मात्र मी काशिनाथला कधी बोलले नाही. सुरगाण्याला त्याच्याकडे दोन-चारदा जाऊन आले, चहा प्यायले, तरी नाही. आणि हे जे लिहिते आहे तेसुद्धा माझ्याच तोंडून आहे, त्याच्या नाही, हेही मला कळतं. त्या कादंबऱ्यांतही बहुतेक तसंच असतं. ज्याच्यावर बेततं त्याची गोष्ट दुसरंच कुणीतरी सांगतं.

पण तो दिवस.

काशिनाथनं पाय जवळ घेतले. मग भिंतीला हात लावत उठला. "तो कशाला थांबंल इथं?" तो जनीला म्हणाला. "पोरांना भेव वाटंल. चलू दे त्यालाच."

पेंढ्यांमागून मुलगी धावत आली आणि बापाच्या पायाला मिठी मारून रडायला लागली. "नको जाऊ, बाबा. तो राकस आहा."

काशिनाथनं वाकून तिचं डोकं चाचपलं, केसांवरून हात फिरवला. मग आवाजाच्या अंदाजानं चेहरा दादांकडे वळवला, आणि हात पुढे केला.

"भेव नको गं," तो म्हणाला. "माणूस आहा तो."

हात तसाच हवेत होता. दादांना पुढे यायला फार वेळ लागला.